आमचा जावई, त्यांचा कोच

टोरांटोजवळच्या मिल्टनमध्ये सप्टेंबर लागला की पानं रंग बदलायच्या आधी शिट्टी ऐकू येते. आमच्या घरांच्या रांगेमागे शाळेचं मैदान आहे. उन्हाळाभर तिथे गीज नावाची मोठी रानबदकं चरत असतात, आणि मग एके दुपारी खांद्यांवर जाड कवचं चढवलेली मुलं येतात, कुणीतरी लांब शिट्टी मारतं आणि सुमन तव्यावरची पोळी तशीच सोडून खिडकीशी जाऊन उभी राहते. गेल्या वर्षी ती शिट्टी दुसऱ्या कुणाची तरी होती. यंदा आमच्या जावयाची आहे. पोळीचा करपट वास आला तसा मी उठून स्टोव्ह बंद केला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. "सुरू झालं," ती म्हणाली. मलाही तेच वाटत होतं.

डॅन आमचा जावई. आमच्या मृणालचा नवरा, ईराचा बाबा. आता तो व्यायामशाळांना यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो आणि संध्याकाळी हौसेने या शाळेच्या मुलांना शिकवतो. गेल्याच्या गेल्या वर्षीपर्यंत मात्र तो एका विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा हेड कोच होता. विद्यापीठाचं आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. गाव लहान आहे, तिथली माणसं वाईट नाहीत, आणि झालं ते पुरे झालं. पण शिट्टी वाजली की माझ्या नाकात तोच वास येतो, ओल्या लोकरीचा, जळक्या कॉफीचा आणि ग्रेव्ही ओतलेल्या बटाट्यांचा. तो सीझन पुन्हा माझ्या अंगावर चढतो, आणि मी काही त्याला थांबवू शकत नाही.

आम्ही नागपूरहून, मुलांकडे वर्षानुवर्षं राहता येतं त्या सुपर व्हिसावर, त्या गावी पोचलो तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. मृणालने पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी जेवताना आम्हाला नियम सांगितला. "बाबा, आई, स्टँडमध्ये लोक काहीही बोलतात. आपण कोण आहोत ते सांगायचं नाही, आणि कुणी डॅनला काही म्हटलं तर आपण ऐकलंच नाही. ओके?" मग डॅन उठून पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, "धिस सीझन इज इट, बाबा. वर्षाअखेर त्याचा करार संपतो. नाही जमलं तर हे घर, ईराची शाळा, सगळं सोडून जावं लागेल." ईरा तेव्हा सात वर्षांची होती. शेजारच्या घरातल्या मैत्रिणीशिवाय तिचं पान हलत नव्हतं. सुमनने तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा करार मीच केला होता.

कोचच्या घरच्यांची बसायची जागा वेगळी होती. पण तिथे सावली, आणि सुमनला सप्टेंबरातसुद्धा थंडी वाजते. म्हणून ती पहिल्याच दिवशी ब्लँकेट आणि चिवड्याचा डबा घेऊन समोरच्या उन्हातल्या स्टँडमध्ये जाऊन बसली. नेमके तिथे गावातले सगळ्यात कडवे फॅन बसायचे. मृणाल पलीकडे सावलीत, आम्ही इकडे उन्हात. माझ्या शेजारच्या जागेवर गॉर्डन होता. टपाल वाटण्यात आयुष्य गेलेला, आता निवृत्त, डोक्यावर टीमची विटकी टोपी, पायाशी थर्मास. त्याने सुमनला बसायला स्वतःची गादी दिली, आमची आपुलकीने विचारपूस केली, आणि मग मैदानाकडे बोट दाखवून म्हणाला, "तो बघा, आमचा कोच. माणूस फार चांगला आहे. पण चांगल्या माणसांनी शाळेत शिकवावं, फुटबॉल नाही." हे सगळं इंग्रजीत. मी माझ्या भाषेत सांगतोय, पण टोन तोच आहे.

मला खेळ कळायला दीड महिना गेला. वाद मात्र पहिल्याच दिवशी कळला. धरमपेठेतल्या आमच्या पानठेल्यावर मी उभं आयुष्य तोच वाद ऐकला होता, फक्त तिथे कॅप्टन क्रिकेटचा असायचा. त्याला कधी बदलायचं, त्याच्याऐवजी कोण, त्याच्यात दम आहे की नुसतं नशीब, अमुक बॉलरला का काढलं, तमुकला का ठेवलं. इथेही तेच. मागच्या रांगेतली बाई म्हणायची, डॅनला डावपेच कळतात पण धाडस नाही. तिचा भाऊ म्हणायचा, धाडस आहे पण मुलांवर वचक नाही. गॉर्डन म्हणायचा, वचक आहे, पण तो ओरडत नाही, आणि न ओरडणाऱ्या कोचचं मुलांना काय कळणार. पहिल्या दिवशी मला खरंच मजा आली. घरी परतल्यासारखं वाटलं. मग मैदानाच्या कडेला कानाला हेडफोन-माईकचं यंत्र लावून उभा असलेला तो उंच, वाकलेल्या मानेचा माणूस दिसला, ज्याने त्या सकाळी मला अद्रक किसून चहा करून दिला होता, आणि मी हातातला चिवडा परत डब्यात टाकला.

खेळ तसा सोपा आहे. नाव फुटबॉल, पण बॉल हातात घेऊन पुढे सरकायचं. दहा यार्ड सरकायला तीन प्रयत्न. तिसऱ्या प्रयत्नात जमलं नाही तर बॉल समोरच्यांना, तोही तिथल्या तिथे. म्हणून बरेच कोच तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे थर्ड डाऊनला, बॉल लाथ मारून लांब पाठवून देतात, निदान समोरच्यांना लांबून तरी यावं लागेल. डॅन नेहमी लाथ मारायला लावायचा. आणि डॅनने लाथ मारायला लावली की आमच्या स्टँडमधून एकच आरोळी उठायची, "गो फॉर इट." जा, घाबरतोस काय. एकदा दोनदा पोरं थोडक्यात अडकली तेव्हा पंच साखळी घेऊन आले आणि जमिनीवर ताणून मोजलं. त्या सगळ्या खेळात मला लगेच कळलेली गोष्ट ती साखळी. पाटबंधारे खात्यात मी कालव्यांवर साखळ्या ओढत उभी उमेदवारी काढली आहे. साखळी ताणली की वाद संपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे साखळी उचलली की वाद सुरू व्हायचा.

एका धरणावर मी बरीच वर्षं होतो. पावसाळ्यात धरण भरत आलं की दरवाजे कधी उघडायचे हा प्रश्न दर तासाला उभा राहायचा. लवकर उघडले आणि पुढे पाऊस ओढला, तर पाणी वाया घालवलं म्हणून शिव्या. उशिरा उघडले आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं, तर माणसं मारायला निघाले म्हणून शिव्या. आणि शिव्या देणाऱ्याला पाऊस पडून गेल्यावर सगळं स्वच्छ दिसत असायचं. आमचे साहेब दरवाज्याच्या खोलीत उभे राहून नुसते पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजकडे बघत. डॅन तसाच उभा राहायचा. मी एकदा त्याला विचारलं, "डॅन, हे लोक ओरडतात ते तुला ऐकू जातं का?" तो म्हणाला, "जातं, बाबा. पण कोचने स्टँडकडे बघायचं नाही. एकदा बघितलं की मग तुम्ही त्यांच्यासाठी खेळायला लागता." आणि तो भांडी घासायला वळला.

हरल्यावर डॅन चिडत नसे. तो पानं गोळा करी. रविवारी सकाळी उठून दाताळ्यासारखा रेक घेऊन अंगणातली मेपलची पानं ओढायचा, पिशव्या भरायचा, आपलं अंगण संपलं की न विचारता शेजारच्यांचं. ऑक्टोबर अर्धा सरत आला तोवर आमच्या रस्त्यावर एक पान शिल्लक नव्हतं. शेजारचे म्हातारे आजोबा खिडकीतून हात करायचे. त्यांना वाटायचं, किती सेवाभावी माणूस. टीमचं काय चाललंय ते रस्त्यावरची अंगणं बघून कळायचं, आणि सुमन तेवढ्या अंगणांकडे बघूनच बाहेरगावच्या मॅचचा निकाल सांगायची.

मग दसरा आला, आणि त्या वर्षी दसरा नेमका शनिवारी, मॅचच्या दिवशी. टीम जिंकली. अटीतटीने जिंकली. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका पोराने बॉल छातीशी घट्ट धरून उडी टाकली आणि सगळा स्टँड उभा राहिला. गॉर्डनने मला मिठी मारली. त्याच्या कोटाला कापूर आणि तंबाखू यांच्यामधला काहीतरी वास होता. आणि त्या गडबडीत मी बघतो तर डॅन मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे येत होता. कठड्यापाशी आला. हातात मेपलची दोन लाल पानं. ईराने त्याला आदल्या दिवशी शिकवलं होतं की दसऱ्याला झाडाची पानं सोनं म्हणून द्यायची. आपट्याचं झाड इथे कुठून आणणार, म्हणून मेपल. त्याने एक पान मला दिलं, एक सुमनला, कठड्यावरून जेवढं वाकता येईल तेवढा वाकला आणि म्हणाला, "आई, सोनं." आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्टँडकडे पाहिलं होतं, आणि ते आमच्यासाठी.

सगळे वळून आमच्याकडे बघायला लागले. गॉर्डनचा चेहरा बघण्यासारखा झाला. गेले सहा आठवडे तो आमच्याच शेजारी बसून डॅनची सालटी काढत होता. त्याने टोपी काढली. डॅन परत गेल्यावर तो सुमनला म्हणाला, "मॅडम, तुमचा जावई? मला माहीत नव्हतं. तुम्हाला त्याचा अभिमान वाटत असेल. आज तरी मानलं त्याला, कोच चांगला आहे." आणि सुमनने, माझ्या सुमनने, हातातलं ते लाल पान पदरात धरून, लाजत, अगदी मनापासून उत्तर दिलं, "नो नो. ही इज जस्ट ऑर्डिनरी. ही हॅज टू लर्न व्हेरी मच. इट इज ऑल लक."

आता हे कुणाला कसं समजवायचं. आमच्याकडे आपल्या माणसाचं कुणी कौतुक केलं की असंच म्हणतात. मृणाल दहावीला बोर्डात आली तेव्हा सगळी गल्ली पेढे खायला आली होती, आणि सुमन प्रत्येकाला सांगत होती, "कसलं हो, यंदा पेपर सोपे होते." मृणाल आतल्या खोलीत जाऊन बसली होती. "आई, मी खरंच हुशार नाही का?" असं तिने विचारलं तेव्हा सुमनने तिला कुशीत घेतलं आणि म्हणाली, "वेडी, माझ्या लेकराला दृष्ट लागेल ना." हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं. ऐकणाराही समजून घेतो, उलट अजून चढवून कौतुक करतो, मग आपण अजून खाली उतरायचं. सहा आठवडे सुमन त्या स्टँडमध्ये मुकाट्याने शिव्या ऐकत बसली होती. पहिल्यांदा कुणी चांगलं बोललं, आणि तिने डॅनला जगातल्या सगळ्या वाईट नजरांपासून वाचवलं.

मागच्या रांगेतल्या बाईने ते वाक्य फॅन लोकांच्या ऑनलाईन पेजवर टाकलं. तिने वाईट हेतूने टाकलं असं मी म्हणणार नाही. तिला गंमत वाटली असेल. दुसऱ्या दिवशी ईरा आयपॅड घेऊन स्वयंपाकघरात आली. "आजी, यू आर अ मीम," ती आनंदाने म्हणाली. कुणीतरी डॅनचा मैदानावरचा फोटो घेऊन त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत 'इट इज ऑल लक' असं लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली वाद. सासूला कळतं ते विद्यापीठाला कळत नाही. घरच्या माणसाने सर्टिफिकेट दिलं, आता आणखी काय पाहिजे. सुमनने चष्मा लावून ते वाचलं, आणि मग मला विचारलं, "हे काय बोलून राहिले हो? मी असं कुठे म्हटलं?" म्हटलं तर तिने तसंच होतं. मी आयपॅड ईराच्या हातात परत दिला.

त्या रविवारी जिंकूनसुद्धा डॅन पानं ओढायला गेला. मला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी चुकतंय, ते बोलून नीट करावं. पुढच्या शनिवारी मी गॉर्डनला बाजूला घेतलं आणि माझ्या सरकारी इंग्रजीत समजावलं. आमच्यात आपल्या माणसाचं कौतुक करायचं नाही अशी पद्धत आहे. कमी करून सांगायचं. त्याने शांतपणे ऐकलं. "म्हणजे तिला म्हणायचं होतं की तो चांगला आहे?"

"हो."

"मग ती तसं का म्हणाली नाही?"

मी मैदानाकडे तोंड फिरवलं. समोरच्या कठड्याला कुणीतरी कापडी फलक बांधला होता. त्याच्यावर तेच वाक्य होतं. सुमन पुढे बघत बसली होती, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. त्या दिवशी तिने कुणाला चिवडा दिला नाही. टीम हरली.

घरी आल्यावर मृणाल गाडीतून उतरेना. ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी, हीटर चालू, रेडिओ चालू. मॅचनंतर गावच्या रेडिओवर लोक फोन करून बोलायचे, त्याचा तो कार्यक्रम. मी शेजारच्या सीटवर बसून राहिलो. एकेक जण फोन करत होता. डॅनला काढा. डॅनला अजून एक वर्ष द्या. डॅनने लाथ मारणं बंद करावं. कुणी त्याच्या आवाजावर बोललं, कुणी त्याच्या उभं राहण्यावर. मृणाल स्टीअरिंगवर बोटं वाजवत होती. "बंद कर ना," मी म्हणालो. "नाही बाबा. आय हॅव टू नो," ती म्हणाली. आणि मग एक ओळखीचा, घोगरा आवाज आला. गॉर्डन. तो आमची बाजू मांडायला फोनवर आला होता. "मी त्या बाईंच्या शेजारी बसतो. त्यांच्या देशात वाईट म्हणजे चांगलं असतं," तो अगदी कळकळीने म्हणाला. पलीकडचा निवेदक खो खो हसला. "म्हणजे गॉर्डन, आपण त्यांच्या देशात पहिल्या नंबरवर आहोत तर." मृणालने रेडिओ बंद केला. गाडीच्या काचेवर एक ओलं पान येऊन चिकटलं होतं. तिने वायपर लावला, ते गेलं नाही. "बाबा, कुणी मुद्दाम काहीच केलं नाही ना?" ती म्हणाली. "नाही गं," मी म्हणालो. मग उतरून ते पान हाताने सोडवून काढलं.

शेवटच्या मॅचच्या सकाळी सुमनने ठरवलं की दृष्टच काढायची. डॅनला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन ओवाळल्या, पुटपुटली, आणि त्या स्टोव्हच्या तापलेल्या कॉईलवर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, धूर झाला आणि घरभर अलार्म किंचाळायला लागला. ईरा कान झाकून नाचत होती. डॅन खुर्चीवर चढून टॉवेलने धूर हाकत होता आणि हसत होता, कित्येक आठवड्यांनी हसत होता. सुमनने मला कानात सांगितलं, "धूर झाला म्हणजे लागलीच होती बघा."

त्या दुपारी थर्ड डाऊनला एक यार्ड हवा होता. मॅच संपत आलेली, आम्ही थोडेसेच मागे. सगळा स्टँड ओरडत होता, गो फॉर इट. आणि सबंध सीझनभर लाथ मारायला लावणाऱ्या डॅनने त्या दिवशी पोरांना पुढे घुसायला सांगितलं. मैदान ओलं होतं. ज्या पोराच्या हातात बॉल होता त्याचा पाय घसरला, आणि तो जिथे होता तिथेच बसला. साखळी आणायचीसुद्धा गरज पडली नाही. मग गॉर्डनने टोपी काढली, पुन्हा घातली आणि हळूच म्हणाला, "लाथ मारायला हवी होती." त्याच्या मागच्या बाईनेही मान डोलावली. कुणालाच आठवत नव्हतं की ते आत्ता काय ओरडत होते. मला धरणाच्या दरवाज्याच्या खोलीतले साहेब आठवले. रिटायर झाल्यावरही त्यांना झोपेत पाण्याचा आवाज यायचा, असं त्यांच्या बायकोने एकदा सांगितलं होतं.

विद्यापीठाने डॅनला सभ्यपणे सांगितलं की त्यांना नवी दिशा हवी आहे. त्यात सुमनच्या वाक्याचा काही संबंध नव्हता, असं सगळेच म्हणाले. डॅन म्हणाला, मृणाल म्हणाली, मीही म्हणालो. इतक्या वेळा म्हणालो की सुमनला खात्री पटली, संबंध आहे. मृणालला टोरांटोत नोकरी मिळाली, ट्रेनने जाता येईल म्हणून मिल्टन ठरलं. बाहेर बर्फ, घरात खोकी. ईरा तिच्या मैत्रिणीच्या घरून रडून आली आणि कुणाशी बोलेना. त्या दिवशी जेवताना सुमनने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ती ते दिवसभर खोक्यांना टेप लावताना पुटपुटत होती. "डॅन, यू आर अ व्हेरी गुड कोच."

डॅनचा घास हातातच राहिला. त्याने मृणालकडे पाहिलं, मग सुमनकडे. "आई," तो म्हणाला, "डिड आय डू समथिंग राँग?"

कारण मृणालने त्याला दरम्यान सगळं समजावून सांगितलं होतं. आमच्यात आपल्या माणसाचं कौतुक करत नाहीत, कौतुक परक्याचं करतात. आणि हा भला माणूस ते नीट शिकला होता. बाहेरच्यांची ती सगळी वाक्यं त्याने कशीबशी पचवली असतील, पण सुमनचं हे गोड वाक्य त्याला पचेना. मृणाल हसली, मग उठून बेसिनकडे गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. सुमन रात्रीची भांडी आवरताना मला म्हणाली, "वाईट बोलले तर तसं झालं. चांगलं बोलले तर असं. आता बोलू तरी काय मी?"

डॅन चांगला कोच आहे का? मला खरंच माहीत नाही. इतका वाद ऐकूनही माहीत नाही, किंवा ऐकला म्हणूनच माहीत नाही. तो चांगला चहा करतो. तो मुलांची नावं विसरत नाही. हरलेल्या मुलाच्या घरी जाऊन बसतो. याने थर्ड डाऊनला एक यार्ड मिळतो का, ते सांगणारी साखळी माझ्याकडे नाही. गेलं वर्षभर तो शिट्टी वाजली की मागची खिडकी लावून घ्यायचा. यंदा शाळेने विचारलं, त्याने हो म्हटलं आणि मी त्याला का म्हणून विचारलं नाही. मला भीती वाटली की तो सांगेल.

काल पहिली मॅच होती. शाळेच्या मैदानाला स्टँड नाही. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात आणि दोरीच्या कडेला बसतात. अंतर नाही, त्यामुळे सगळं ऐकू जातं. आमच्या मागे कुणा मुलाचे वडील बसले होते, चांगले उमदे गृहस्थ, हातात कॉफी. पहिल्यांदा डॅनने लाथ मारायला लावली तसा त्यांनी सुस्कारा टाकला. दुसऱ्यांदा लावली तसं ते शेजाऱ्याशी बोलायला लागले. मग पुढे वाकून त्यांनी सुमनला विचारलं, "हा नवा कोच कसा वाटतो तुम्हाला? जमेल का याला?"

सुमनने डब्याचं झाकण लावलं. ती मागे वळली आणि म्हणाली, "ही इज माय सन-इन-लॉ." पुढे काहीच नाही. चांगला नाही, साधा नाही, नशीब नाही. नुसतं तेवढं. आणि तेही त्या मैदानावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. ते गृहस्थ ओशाळले, माफी मागितली, कॉफी प्यायले. थोड्या वेळाने पुन्हा शेजाऱ्याशी बोलायला लागले, आता जरा हळू.

आणि मग पुन्हा थर्ड डाऊन आला, पुन्हा एक यार्ड. सुमनने डोळे मिटून घेतले. "काय करून राहिला तो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लाथ नाही मारत. जाऊन राहिला." पोरं एकमेकांवर कोसळली, ढीग झाला, शिट्टी वाजली. कुणालाच कळेना. पंच साखळी घेऊन आले. सगळे लोक खुर्च्यांतून उठून मान पुढे काढून बघायला लागले, मागचे गृहस्थसुद्धा, मीसुद्धा. साखळी ताणली जात होती.

"मिळाला की नाही ते नंतर सांगा," सुमन डोळे मिटूनच म्हणाली. "तो कसा दिसून राहिला, ते सांगा."

मी साखळीवरून नजर काढली आणि डॅनला शोधलं. तो साखळीकडे बघत नव्हता. मैदानाच्या त्या टोकाला, कानातलं यंत्र गळ्यात ओढून, आमच्याकडे बघत उभा होता.

"डोळे उघड," मी तिला म्हणालो.